कार्डाची मागील बाजू : तंबाखूच्या चित्रकार्डांतील स्त्रीप्रतिमा

१

जाहिरातीतील स्त्रीप्रतिमेचा विचार करताना समीक्षा बहुधा एका सुट्या चित्रापाशी थांबते. चित्रातील स्त्री कोणाकडे पाहते, तिच्याकडे कोण पाहतो, तिच्या देहाची मांडणी कोणाच्या सुखासाठी झाली आहे, हे प्रश्न जॉन बर्जर यांच्या ‘वेज ऑफ सीइंग’ (१९७२) या पुस्तकाने आणि लॉरा मल्व्ही यांच्या चित्रपटविषयक निबंधाने (१९७५) रूढ केले. तौलनिक साहित्याभ्यासाने ग्रंथाबाहेरच्या संहिता आपल्या कक्षेत घेतल्या, तेव्हा हीच प्रश्नावली त्याने भित्तिपत्रके, दिनदर्शिका आणि मालाची वेष्टणे यांनाही लावली. ही प्रश्नावली आजही उपयुक्त आहे; परंतु तिच्यामागे एक गृहीत आहे. पाहणाऱ्यासमोर एका वेळी एकच चित्र असते आणि त्या चित्राचा अर्थ त्याच्या चौकटीत सामावलेला असतो, हे ते गृहीत होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटांतून वाटली गेलेली चित्रकार्डे या गृहीताला छेद देतात. ही कार्डे गिऱ्हाइकाच्या हाती एकेक करून येत. परंतु एकेकटी अशी त्यांची कल्पनाच केलेली नव्हती. प्रत्येक कार्ड एखाद्या मालिकेचा घटक असे. मालिकेला शीर्षक असे, बहुधा ठरलेली संख्या असे आणि अनेक मालिकांत कार्डाच्या मागील बाजूस संपूर्ण मालिकेची यादी छापलेली असे. म्हणजे हाती असलेल्या कार्डावरच, हाती नसलेल्या कार्डांची नोंद असे. अशा वस्तूचे वाचन करताना पुढची बाजू आणि मागची बाजू, हे कार्ड आणि उरलेली मालिका, यांचा एकत्र विचार करावा लागतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की या कार्डांतील स्त्रीप्रतिमेचा निर्णायक अर्थ मालिकेच्या रूपातून आणि मागील बाजूच्या मजकुरातून घडतो. पुढील बाजू स्त्रीला दाखवते. मागील बाजू तिला यादीत बसवते. समकालीनांनी घेतलेला नैतिक आक्षेप पुढील बाजूपाशीच अडला. ज्या मोजक्या स्त्रियांनी आपल्या चित्रावरील हक्काचा प्रश्न न्यायालयात नेला, त्यांचा रोख मात्र अधिक मूलगामी होता.

२

कार्डाची उत्पत्ती अगदी व्यावहारिक गरजेतून झाली. त्या काळी सिगारेटचे पाकीट पातळ कागदाचे असे आणि त्यात बहुधा दहा सिगारेटी असत. पाकीट दबून त्या मोडू नयेत म्हणून आत जाड कागदाचा एक तुकडा घातला जाई. या तुकड्यावर चित्र छापण्याची प्रथा लोकप्रिय करणाऱ्यांत व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथील ‘ॲलन अँड गिंटर’ ही कंपनी अग्रगण्य होती. तिच्या नेहमीच्या कार्डाचा आकार सुमारे दीड इंच रुंद आणि पावणेतीन इंच लांब असे. न्यूयॉर्कच्या ‘लिंडनर, एडी अँड क्लॉस’ या छापखान्यातून तिची रंगीत शिळाछाप कार्डे छापून येत. स्वस्त कार्डांवर छायाचित्राची लहान प्रत चिकटवलेली असे.

सिगारेट वळण्याचे काम तेव्हा हाताने होई आणि रिचमंडच्या कारखान्यांत ते मुख्यतः तरुण मुली करीत. निष्णात हात दिवसाला सुमारे तीन हजार सिगारेटी वळू शके. ॲलन अँड गिंटरने सिगारेट वळणाऱ्या यंत्रासाठी ७५,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते. जेम्स बॉन्सॅक या व्हर्जिनियातील तरुणाने असे यंत्र तयार करून १८८१ मध्ये त्याचे एकस्व मिळवले. दहा तासांत १,२०,००० सिगारेटी वळणे या यंत्राला शक्य होते. बक्षीस जाहीर करणारी कंपनी यंत्राबाबत कचरली. नॉर्थ कॅरोलायनातील डरॅम येथील ‘डब्ल्यू. ड्यूक सन्स अँड कंपनी’च्या जेम्स ड्यूक यांनी मात्र १८८४ मध्ये ते आपल्या कारखान्यात आणले.

यंत्रामुळे उत्पादनाचा प्रश्न सुटला आणि खपाचा प्रश्न उभा राहिला. अमेरिकन पुरुष तोवर मुख्यतः तंबाखू चघळणारा, पाईप किंवा सिगार ओढणारा होता. सिगारेट ही शहरी छानछोकीची, काहीशी बायकी गोष्ट समजली जाई. एवढ्या सिगारेटींना गिऱ्हाईक कोठून आणावयाचे? १८८९ या एका वर्षात ड्यूक यांनी जाहिरातीवर सुमारे आठ लाख डॉलर खर्च केल्याचे तंबाखू उद्योगाच्या इतिहासात नोंदवले जाते. ड्यूक, ॲलन अँड गिंटर, किनी, किंबॉल आणि गुडविन या पाच कंपन्यांतील ही चुरस १८९० मध्ये त्यांच्या विलीनीकरणाने आणि ‘अमेरिकन टोबॅको कंपनी’च्या स्थापनेने संपली. चित्रकार्डांचा पहिला बहर नेमका यंत्राचे आगमन आणि ही मक्तेदारी यांच्यामधल्या पाच-सहा वर्षांतील आहे.

या कालक्रमात एक अर्थपूर्ण अदलाबदल दिसते. सिगारेट वळण्याच्या कामातून स्त्रीचा हात मागे हटू लागला त्याच सुमारास पाकिटात स्त्रीचा चेहरा आला. एक घटना दुसरीचे थेट कारण होती, असा दावा करण्याचे प्रयोजन नाही. पाकिटे भरण्याच्या कामावर मुली पुढेही राहिल्याच. परंतु या उद्योगाशी असलेले स्त्रीचे नाते श्रमाऐवजी दर्शनाच्या द्वारे गिऱ्हाइकापुढे मांडले गेले, एवढे निश्चितपणे म्हणता येते. या नात्यात ती ग्राहक मात्र नव्हती. कार्ड पुरुषासाठी होते आणि त्याच्यामागून कार्डे मागत फिरणाऱ्या मुलांसाठी होते.

३

ॲलन अँड गिंटरच्या मालिकांची शीर्षके एकापुढे एक ठेवली, तर मालिका या रूपाचे स्वरूप स्पष्ट होते. ‘सर्व राष्ट्रांचे ध्वज’ (१८८७), ‘अमेरिकेतील पक्षी’ (१८८८), ‘स्पॅनिश समुद्रातील चाचे’ (१८८८), ‘अमेरिकन इंडियन जमातींचे नामांकित प्रमुख’ (१८८८), ‘जगातील सौंदर्यवती’ (१८८८), ‘छत्रीच्या कवायती’ (१८८८), ‘प्रचलित पंखे’ (१८८९). यांतील शेवटच्या तिन्ही मालिका स्त्रीचित्रांच्या आहेत. चित्रांची शैली, छपाईची सफाई, कार्डाचा आकार, मागील यादीची मांडणी, या सर्व बाबतींत ध्वज, पक्षी आणि सौंदर्यवती एकाच इयत्तेत बसतात. मालिकेचे रूप विषयाबाबत उदासीन असते. जे जे मोजता येते आणि ज्याचे प्रकार पाडता येतात, ते ते मालिकेत बसू शकते.

स्त्रीचे प्रकार पाडण्याची रीत अर्थातच नवी नाही. भारतीय परंपरेत भरताच्या नाट्यशास्त्रातील अष्टनायिकांपासून भानुदत्ताच्या ‘रसमंजरी’पर्यंत नायिकाभेदाची दीर्घ साखळी आहे आणि लघुचित्रशैलींत तिच्या सचित्र मालिकाही झाल्या. या तुलनेतून चित्रकार्डांचे वेगळेपण उठून दिसते. वासकसज्जा, विरहोत्कंठिता, खंडिता, अभिसारिका हे भेद अवस्थेवर आधारलेले आहेत. प्रत्येकीमागे एक प्रसंग आहे, आधी काही घडले आहे आणि पुढे काही घडणार आहे. नायिकाभेदही पुरुषाच्या अपेक्षेने रचलेला आहे, यात शंका नाही. पण त्यात नायिकेला निदान मनोव्यापार आहे. ‘प्रचलित पंखे’ किंवा ‘छत्रीच्या कवायती’ या मालिकांत भेदाचे तत्त्व हातातील वस्तूकडे गेले आहे. स्त्री तीच, पंखा वेगळा. दोन कार्डांमध्ये फरक करायचा तो पंख्याच्या घडणीवरून किंवा छत्रीच्या पवित्र्यावरून.

संग्रहाच्या व्यवहाराने हे अधिक पक्के केले. एखादे कार्ड दुसऱ्यांदा मिळाले की ते ‘जादा’ ठरे आणि हव्या असलेल्या कार्डाच्या बदल्यात देऊन टाकले जाई. ठरावीक कूपने जमवल्यास संपूर्ण मालिका सुबक चित्रसंग्रहाच्या रूपात मिळण्याची सोयही कंपनीने केली होती. अशा व्यवहारात कार्डाचे मोल त्यावरील व्यक्तीपेक्षा मालिकेतील रिकाम्या जागेवर अवलंबून राहते. संग्रह ही गोष्ट इतिहासाच्या जागी वर्गीकरण आणते, असे सूझन स्ट्युअर्ट यांनी ‘ऑन लाँगिंग’ (१९८४) या ग्रंथात दाखवून दिले आहे. चित्रकार्डांना ते तंतोतंत लागू पडते. अभिनेत्री कोणत्या रंगमंचावरून, कोणत्या भूमिकेतून या कागदावर आली, हा इतिहास पुसला जातो आणि ती मालिकेतील एक जागा भरते. गिऱ्हाइकाला पुढचे पाकीट घ्यायला लावणारी प्रेरणाही हीच. चित्रातील स्त्रीचे आकर्षण एका पाकिटापुरते असते. अपूर्ण यादीचे आकर्षण पन्नास पाकिटे विकू शकते.

ही कार्डे आज अभ्यासकांना ज्या क्रमाने उपलब्ध आहेत, तो क्रमही मालिकेचाच आहे. सिरॅक्यूज येथील जेफरसन बर्डिक (१९००–१९६३) यांनी तीन लाखांहून अधिक कार्डे व मुद्रित चिटोरी जमवून ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला दिली. त्यांनी सिद्ध केलेल्या सूचीत एकोणिसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना ‘एन’ आणि विसाव्या शतकातील कार्डांना ‘टी’ हे अक्षर आहे. त्यापुढे मालिकेचा क्रमांक येतो. बर्डिक यांच्या चिकाटीशिवाय हे साहित्य नष्टच झाले असते. तरीही ही सूची उत्पादकाच्या वर्गीकरणाला अनुसरते आणि चित्रातील व्यक्तीच्या नावाने शोध घेणाऱ्याला ती आडवळणाची वाटते, ही गोष्ट अभ्यासकाने ध्यानात ठेवली पाहिजे.

४

स्त्री आणि पुरुष या दोघांनाही मालिकेत बसवले गेले असेल, तर स्त्रीप्रतिमेचा प्रश्न वेगळा का काढावा, असा आक्षेप येथे संभवतो. त्याचे उत्तर यादीतील नोंद कशी होते, यात आहे.

ॲलन अँड गिंटरच्या ‘जगज्जेते’ (१८८७) या पन्नास कार्डांच्या मालिकेत बेसबॉलपटू, मुष्टियोद्धे, मल्ल, नौकापटू, नेमबाज आणि बिलियर्डपटू आहेत. मागील बाजूस येथेही यादीच आहे, चरित्र नाही. पण ही यादी कर्तृत्वानुसार पाडलेल्या वर्गांत मांडलेली आहे. प्रत्येक नावाला एक क्रीडाप्रकार आहे आणि त्या प्रकारातील प्रावीण्यामुळेच ते नाव तेथे आले आहे. ड्यूक कंपनीने १८८८ च्या सुमारास एक पाऊल पुढे टाकले. ‘सेनापतींचे इतिहास’ आणि ‘श्रीमंत झालेल्या गरीब मुलांचे इतिहास’ या मालिकांत कार्डाऐवजी चिमुकली पुस्तिकाच दिली गेली. मुखपृष्ठावर चित्र आणि आत चरित्र. १९११ च्या सोनेरी किनारीच्या बेसबॉल मालिकेत तर मागील बाजूस खेळाडूचा परिचय आणि आकडेवारी छापली गेली. पुरुषाच्या कार्डाची मागील बाजू अशा रीतीने क्रमाक्रमाने कथनाकडे सरकत गेली.

याच काळात अभिनेत्रींची कार्डे संख्येने अफाट निघाली. त्यांच्यावर बहुधा केवळ नाव असे. कित्येकदा तेही नसे. नाटकाचे शीर्षक, भूमिका, नाट्यगृह यांचा निर्देश विरळा. ज्या व्यवसायामुळे ती स्त्री प्रसिद्ध झाली, तो व्यवसायच कार्डाने वगळला. अमेरिकन बर्लेस्क रंगभूमीचा इतिहास लिहिताना रॉबर्ट ॲलन यांनी ‘हॉरिबल प्रेटीनेस’ (१९९१) या ग्रंथात एक प्रक्रिया नोंदवली आहे. १८६८ मध्ये लिडिया थॉम्पसन यांची इंग्रज मंडळी न्यूयॉर्कला आली, तेव्हा पुरुषवेषातील या नटी बोलत, टोमणे मारत, प्रेक्षकांना उलट उत्तर देत. पुढे या रंगभूमीतील स्त्रीची वाणी क्षीण होत गेली आणि देहदर्शन तेवढे उरले. घट्ट विजार घातलेल्या नटीचे सिगारेट कार्ड हा या प्रक्रियेचा अंतिम टप्पा म्हणता येईल. रंगमंचावरील वेष कार्डावर आला. त्या वेषातून बोलले गेलेले संवाद आले नाहीत.

कार्डावरील स्त्री काही करताना दिसते तेव्हाही ही वाण भरून निघत नाही. ॲलन अँड गिंटरच्या ‘व्हर्जिनिया ब्राइट्स’ या सिगारेटींबरोबर १८८६ मध्ये बेसबॉल खेळणाऱ्या मुलींची छायाचित्रे निघाली. या मुली म्हणजे छायाचित्रकाराच्या दालनात खेळाडूचा वेष चढवून उभ्या केलेल्या मॉडेल होत्या. त्यांना संघाचे नाव आहे, ‘ठिपकेवाल्या नऊ’ किंवा ‘काळ्या मोज्यांच्या नऊ’; व्यक्तीचे नाव नाही. संघाची नावेही कपड्यांवरून पडलेली आहेत. गुडविन कंपनीची ‘स्त्रियांसाठी व्यवसाय’ (१८८७) ही मालिका याहून बोलकी आहे. तीत पुरुषांच्या समजल्या जाणाऱ्या व्यवसायांना शोभिवंत वेषातील तरुणींची रूपे दिली आहेत. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी १८४९ मध्येच वैद्यकीची पदवी मिळवली होती. १८७३ मध्ये मायरा ब्रॅडवेल यांना वकिलीचा परवाना नाकारण्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. त्यानंतर सहा वर्षांनी बेल्व्हा लॉकवुड यांना त्याच न्यायालयात वकिलीची मुभा मिळाली. व्यवसायातील स्त्री हा तेव्हा जिवंत आणि वादग्रस्त प्रश्न होता. कार्डांनी तो प्रश्न फॅन्सी ड्रेसच्या गमतीत विरघळवला. अशा मालिकेत दुसऱ्या वाचनाची शक्यता मुळीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. वडिलांच्या पाकिटातून आलेले ते कार्ड एखाद्या मुलीने गमतीपलीकडे जाऊन पाहिले असणे अशक्य नाही. पण तसे वाचन करण्यासाठी लागणारा कोणताही मजकूर कार्डाने पुरवलेला नाही.

या सर्व पसाऱ्यात ॲनी ओकलीचे कार्ड महत्त्वाचे ठरते. ‘जगज्जेते’ मालिकेत ती आहे, आणि नेमबाज म्हणून आहे. तिच्या नावाशी वस्तू जोडलेली नसून कौशल्य जोडलेले आहे. या एका कार्डावरून असे दिसते, की स्त्रीची नोंद कर्तृत्वाने करणे त्या काळच्या छापखान्याला आणि जाहिरातदाराला अवघड नव्हते. म्हणूनच इतर मालिकांतील उणीव काळाच्या मर्यादेच्या खात्यावर टाकता येत नाही. १९०३ मध्ये अनेक वृत्तपत्रांनी ओकलीसंबंधी चोरीची खोटी बातमी छापली. तेव्हा तिने पुढील काही वर्षे खर्चून एकूण ५५ दावे लावले आणि जवळजवळ सर्वांत तिची सरशी झाली. नावाचे मोल तिला पुरते ठाऊक होते.

५

चित्रकार्डांना विरोध झाला तो प्रथम नीतीच्या भूमिकेवरून. विशेष म्हणजे त्यातील एक प्रसिद्ध आक्षेप ड्यूक कुटुंबातूनच आला. जेम्स ड्यूक यांचे वडील वॉशिंग्टन ड्यूक धार्मिक वृत्तीचे होते. ऑक्टोबर १८९४ मध्ये त्यांनी मुलाला पत्र लिहून सिगारेटींबरोबर कामुक छायाचित्रे वाटण्याविषयी तीव्र नापसंती कळवली आणि त्याच आशयाचे एका धर्मोपदेशकाचे पत्रही सोबत जोडले. तरुण-तरुणींच्या मनावर अशा जाहिरातीचा अनिष्ट परिणाम होतो आणि त्यामुळे सिगारेटींविरुद्ध कायदे होण्यास निमित्त मिळेल, अशी त्यांची काळजी होती.

हा आक्षेप प्रामाणिक होता, पण त्यात चित्रातील स्त्रीला स्थान नाही. पाहणाऱ्याची नीती आणि धंद्याचे भवितव्य हे त्याचे दोन विषय आहेत. कार्डांतील स्त्रियांना अंगभर कपडे घातले असते, तर हा आक्षेप उरला नसता. मालिकेची यादी मात्र तशीच राहिली असती. ‘प्रचलित पंखे’ या मालिकेत आक्षेपार्ह असे काहीच नाही, तरीही स्त्री आणि पंखा यांचे नाते तेथे आहे तसेच आहे.

चित्र कोणाचे, हा प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. न्यूयॉर्कमधील छायाचित्रकार नेपोलियन सॅरोनी नामवंत कलावंतांना मोबदला देऊन त्यांची छायाचित्रे काढण्याचा आणि विकण्याचा हक्क मिळवीत असत. ऑस्कर वाइल्ड यांच्या अशाच एका छायाचित्राच्या ८५,००० प्रती एका शिळाछाप कंपनीने परस्पर काढल्या. १८८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॅरोनी यांच्या बाजूने निकाल दिला. बैठक, वेष, प्रकाश, चेहऱ्यावरील भाव या सर्वांची योजना छायाचित्रकाराने केलेली असल्याने तोच त्या कृतीचा कर्ता, असे न्यायालयाने मानले. ज्याचा चेहरा, तो या निकालात कर्ता नाही. येथे चेहरा एका पुरुषाचा, आणि तोही लेखकाचा, होता हे लक्षात ठेवावे. परंतु या तत्त्वाची झळ ज्यांचा चेहरा हाच बाजारातील माल होता त्या अभिनेत्रींना सर्वाधिक बसणार, हे उघड होते. संमतीची उदाहरणेही आहेत. ड्यूक यांचे विक्रेते एडवर्ड स्मॉल यांनी १८८४ मध्ये अटलांटा येथे मादाम रेआ या फ्रेंच अभिनेत्रीची परवानगी घेऊन तिचे चित्र जाहिरातीत वापरले होते. पुढे उद्योगाचा आवाका वाढला, तशी छायाचित्रकार आणि छापखाना यांच्यामधल्या व्यवहारात अभिनेत्री दुर्लक्षित झाली.

मॅरियन मनोला या गायिका-अभिनेत्रीने १८९० मध्ये या व्यवहाराला थेट आव्हान दिले. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे नाट्यगृहात ती घट्ट विजारीच्या वेषात भूमिका करीत असता तिच्या संमतीवाचून प्रकाशझोत पाडून तिचे छायाचित्र घेतले गेले. ते वापरण्याविरुद्ध तिने न्यायालयाचा मनाई हुकूम मिळवला. नीतिवाद्यांच्या दृष्टीने येथे विसंगती होती. जी स्त्री रोज रात्री शेकडो प्रेक्षकांपुढे त्या वेषात उभी राहते, तिने छायाचित्राला हरकत का घ्यावी? मनोलाच्या हरकतीचा आशय असा, की प्रयोगात दिसणे आणि दुकानाच्या खिडकीत दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रयोगात ती भूमिका करते, मोबदला घेते आणि पडदा पडल्यावर निघून जाते. छायाचित्रातून मात्र तिला निघून जाता येत नाही. त्याच वर्षी सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांनी खासगीपणाच्या हक्काविषयी जो युगप्रवर्तक निबंध लिहिला, त्यात मनोलाच्या दाव्याचा उल्लेख आहे.

यानंतरचा टप्पा ॲबिगेल रॉबर्सनचा. या तरुणीचे चित्र तिच्या नकळत पिठाच्या जाहिरातीत वापरले गेले आणि त्याच्या सुमारे २५,००० प्रती वाटल्या गेल्या. चित्र शालीन होते. त्यात देहप्रदर्शनाचा लवलेश नव्हता. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तिचा दावा फेटाळला. लोकक्षोभ इतका झाला, की दुसऱ्याच वर्षी, १९०३ मध्ये, राज्याच्या विधिमंडळाने लेखी संमतीशिवाय कोणाचेही नाव वा चित्र जाहिरातीसाठी वापरणे बेकायदेशीर ठरवले. नीतीचा आक्षेप आणि हक्काचा आक्षेप यांतील भेद रॉबर्सन प्रकरणाने स्वच्छ केला. चित्र सभ्य असूनही अन्याय होऊ शकतो, कारण अन्याय चित्रात नसून वापरात असतो.

पुरुषांच्या बाजूने याच प्रश्नाचे सर्वश्रुत उदाहरण होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ पासून काढलेल्या मालिकेतील त्याचे कार्ड त्याच्या हरकतीमुळे मागे घेतले गेले. त्याने हरकत का घेतली याविषयी मतभेद आहेत. मुलांनी तंबाखू घेऊ नये म्हणून की मोबदल्यासाठी, हा वाद संग्राहकांत अजून चालतो. हरकत घेताच कार्ड थांबले, एवढे निश्चित. जी थोडी कार्डे आधी बाहेर पडली होती, ती दुर्मिळतेमुळे अनमोल झाली. त्यातील एक २०२२ मध्ये ७२,५०,००० डॉलरला विकले गेले. पुरुषाने दिलेला नकार बाजाराच्या आख्यायिकेचा भाग झाला. मनोलाचा नकार कायद्याच्या ग्रंथांत एका संदर्भापुरता उरला. दोन्ही प्रसंगांत वीस वर्षांचे आणि एका नव्या कायद्याचे अंतर आहे, हे मान्य करूनही नकाराच्या स्मरणातील ही तफावत नजरेआड करता येत नाही.

६

विसाव्या शतकात कार्डांचे केंद्र ब्रिटनकडे सरकले. तेथील कंपन्यांनी १९२०–३० च्या दशकांत काढलेल्या मालिकांत चित्रपटतारे-तारका ठळक आहेत. जॉन प्लेअर कंपनीच्या ‘चित्रपट तारे’ मालिका १९३० च्या दशकात लागोपाठ निघाल्या. या तारकांच्या कार्डांमागे परिचय असे. त्यात जन्मस्थान, चित्रपटांची नावे, क्वचित छंद. एकोणिसाव्या शतकातील अभिनेत्रीला न मिळालेली मागील बाजू तिच्या वारसदाराला मिळाली. पण हा मजकूर चित्रपटसंस्थेच्या प्रसिद्धीच्या भाषेतील होता. १९४० मध्ये युद्धकालीन कागदटंचाईमुळे ब्रिटनमधील ही परंपरा थांबली.

दरम्यान तंबाखू कंपन्यांना स्त्री ग्राहक म्हणून हवी झाली. ३१ मार्च १९२९ रोजी न्यूयॉर्कमधील ईस्टरच्या संचलनात काही तरुणींनी उघडपणे सिगारेटी ओढल्या आणि त्यांना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हटले गेले. अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी काम करणारे एडवर्ड बर्नेज यांची ती योजना होती. १९६८ मध्ये फिलिप मॉरिस कंपनीने ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ ही खास स्त्रियांसाठीची सिगारेट आणली, तेव्हा तिच्या जाहिरातींत एक युक्ती होती. विसाव्या शतकाच्या आरंभीचे भासावे असे तपकिरी छायाचित्र, त्यात चोरून सिगारेट ओढताना पकडली गेलेली स्त्री, आणि शेजारी रंगीत चित्रात आधुनिक, मुक्त तरुणी. जुन्या छायाचित्राची नक्कल करून कंपनीने स्त्रीच्या दडपणुकीचा इतिहास सांगितला. त्या इतिहासात दडपणारा होता तो नवरा किंवा समाज. अभिनेत्रींची कार्डे वाटणारा तंबाखू उद्योग त्या चित्रात कोठेच नव्हता. कार्डाने वगळलेला इतिहास येथे जाहिरातीने नव्याने, स्वतःला सोयीचा असा, लिहून दिला.

या प्रवासाची भारतातील एक कडी मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. अभिनेत्रीचे चित्र आणि नित्योपयोगी माल यांची सांगड घालण्याची जी रीत तंबाखूच्या कार्डांनी रुजवली, तिचाच सुधारित अवतार म्हणजे लक्स साबणाच्या तारकांच्या जाहिराती. १९४१ मध्ये लीला चिटणीस या जाहिरातीत झळकल्या. ही जाहिरात करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय चित्रपटतारका मानल्या जातात. येथे नाव आहे, संमती आहे, स्वतःच्या प्रसिद्धीचा स्वतः केलेला विनियोग आहे. आणि आणखी एक गोष्ट आहे. पुढे लीला चिटणीस यांनी ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. चित्राच्या मागील बाजूचा मजकूर चित्रातील स्त्रीनेच लिहावा, ही घटना ड्यूक किंवा गुडविन यांच्या अभिनेत्रींच्या बाबतीत अपवादानेच घडली. मराठी अभिनेत्रींच्या आत्मचरित्रांचे वाचन आजवर मुख्यतः स्त्रीजीवनाचा दस्तऐवज म्हणून झाले आहे. प्रसिद्धिचित्रे आणि जाहिराती यांच्याशी जोडून ती वाचली, तर आपल्याच प्रतिमेविषयी केलेला दावा म्हणूनही त्यांचा अर्थ लागू शकेल.

तंबाखूच्या चित्रकार्डांच्या अभ्यासातून तौलनिक समीक्षेला मिळणारी सूचना मर्यादित असली, तरी ठोस आहे. जाहिरातीतील स्त्रीप्रतिमा वाचताना चित्राच्या चौकटीबाहेरील तीन गोष्टींची विचारपूस झाली पाहिजे : ती कोणत्या मालिकेत बसवली आहे, तिच्यामागे कोणता मजकूर आहे किंवा नाही, आणि त्या चित्राला नकार देण्याची सोय कोणाला होती. ॲनी ओकलीचे कार्ड आणि पंखा घेतलेल्या तरुणीचे कार्ड एकाच कंपनीने, एकाच आकारात, दोन वर्षांच्या अंतराने काढले. केवळ पुढील बाजू पाहणाऱ्याला ही दोन आकर्षक चित्रे दिसतील. मागील बाजू उलटून पाहणाऱ्याला त्यांतील एकीची नोंद नेमबाजांत आणि दुसरीची पंख्यांत झालेली आढळेल.